टिकल्यांचे पिस्तूल आणि झोन

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज दुपारी जेवणे आटोपल्यावर मी मुलाच्या शेजारी पलंगावर बसले आणि तो बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांचा ऑनलाइन खेळ खेळत असताना तासभर काही न बोलता नुसती पाहत राहिले. तो नववीत आहे. गेले वर्षभर या खेळावरून घरात भांडणे होत असली, तरी मी एकही डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. बंद दाराआडून येणारे गोळ्यांचे आवाज आणि "मार, मार त्याला" हे ओरडणे एवढ्यावरच माझे मत बनले होते.

शंभर जण विमानातून एका ओसाड बेटावर उतरतात, रिकाम्या घरांत शिरून बंदुका, हेल्मेट, मलमपट्टीचे सामान गोळा करतात, आणि ज्याला ही मुले 'झोन' म्हणतात ते सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, तसतसे सगळे एकमेकांच्या समोर येतात. गोळीबार मला वाटत होता त्यापेक्षा पुष्कळच कमी होता. बराच वेळ चौघे मित्र लपत, धावत आणि गप्पा मारत होते. त्यांतला एक वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेलेला मुलगा होता, आणि त्याची नि याची भेट आता इथेच होते, हे मला आज कळले.

मध्येच माझा मुलगा 'नॉक' झाला. तो जखमी होऊन गुडघ्यांवर सरपटू लागला, तेव्हा नागपूरचा मित्र आडोसा सोडून, स्वतः मारला जाण्याचा धोका पत्करून आला. "हलू नकोस, मी उठवतो तुला," असे तो म्हणाला. त्या क्षणी माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर जो विश्वास होता, तो मी कित्येक महिन्यांत पाहिलेला नव्हता. आम्ही त्याला हल्ली गुणांखेरीज दुसरे काय विचारतो?

तरीही माझे मन निवले नाही. या खेळात रक्त हिरवे दिसते आणि 'किल'ऐवजी 'फिनिश' म्हणतात. पण पडलेल्या माणसाच्या जागी एक पेटी उरते आणि मुले ती लुटतात, ते पाहून मला कसेसेच झाले. मी विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आई, तो मेला नाही. तो लॉबीत गेला, आता दुसरी मॅच लावेल." लहानपणी दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल घेऊन मीही भावावर 'ठो' केले आहे. मात्र पडताना त्याचे ढोपर फुटले, की आमचा खेळ थांबत असे.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये म्हटले होते की, अशा खेळांचा आरडाओरडा आणि ढकलाढकलीसारख्या वागण्याशी थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसक कृत्यांशी तो जोडण्याइतका पुरावा नाही. हे मला पटते, कारण माझ्या मुलाने कधी कुणावर हात उगारलेला नाही. परंतु परवा ऐन डावात आजीने जेवायला हाक मारली, तेव्हा तो तिच्यावर ज्या आवाजात खेकसला, तो मी विसरू शकत नाही. हा डाव मध्येच थांबवता येत नाही, हे मला ठाऊक नव्हते. यापुढे हाक मारण्याआधी "किती वेळ उरलाय?" असे विचारायचे मी ठरवले आहे.

उद्या संध्याकाळी तो मला खेळायला शिकवणार आहे. आजीशी मात्र तो अजून नीट बोललेला नाही.