टोमॅटोच्या गाड्या आणि आमचं गॅरेज: आमची वाटचाल

वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. सुरुवातीला जीप आणि ट्रॅक्टर यायचे. टोमॅटोचा बाजार वाढत गेला, घरटी पिकअप आले आणि आमचं काम पुढच्या चाकांपाशी येऊन स्थिरावलं.

क्रेटनी भरलेली गाडी माळशेज उतरून कल्याणला जाते, तेव्हा प्रत्येक ब्रेकला भार पुढे येतो. त्याआधी शेतातला कच्चा रस्ता झालेलाच असतो. मग चाक धरणाऱ्या आर्मचे रबरी बुश झिजतात, चाकाला वळू देणारे बॉल जॉइंट ढिले होतात, टायर एका कडेनं झिजतो. हंगामात मालक म्हणतो, "दादा, रात्रीची भरती आहे, वाजतंय तेवढं काढा." आम्ही चाक उचलून, पहार लावून आर्म हलवतो आणि ढिलाई त्यालाच बघायला लावतो. नंतर वाद होत नाही.

वडिलांनी लावलेली शिस्त आजही मोडत नाही. गाडी जॅकवर लटकलेली असताना आर्मच्या बुशचा बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. तसा आवळला तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं. नवा बुशही लवकर फाटतो. बोल्ट हलका ठेवायचा, गाडी चाकांवर उतरवायची, पुढेमागे ढकलायची, मग शेवटचा पाना. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीला पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट पुन्हा लावत नाही, ते ताणलेले असतात. भरलेली एक खेप झाली की गाडी परत बोलावून यू-बोल्ट तपासतो, त्याचे पैसे घेत नाही. बॉल जॉइंटच्या नटाला, तो सुटू नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सोडून कधीच नाही. इथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे.

पतसंस्थेचं कर्ज काढून हायड्रॉलिक प्रेस घेतला, तो आमचा सर्वात चांगला खर्च. घणानं ठोकलेल्या बुशचं कवच वाकतं, प्रेसनं तो सरळ बसतो. पुढे अलाइनमेंटचं मशीनही घेतलं, कारण आर्म बदलून टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल, न जुळवता गाडी सोडणं मला पटत नाही.

2020च्या टाळेबंदीत भाजीच्या गाड्या चालू होत्या, म्हणून आम्हीही होतो. 2023च्या जुलैत टोमॅटोचा भाव कडाडला आणि गाडी एक दिवसही उभी ठेवायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा मुलांनी रात्रपाळी केली. ही मुलं आसपासच्या गावांतली, बहुतेक आयटीआय झालेली. प्रेसवर बसण्याआधी प्रत्येकजण काही महिने फक्त ढिलाई ओळखायला शिकतो.

आता शेडमागे गाडीखाली उतरून काम करायला दुसरा खड्डा खणतोय, भरलेली गाडी सरळ आत येईल एवढा लांब.