सातपदरी

आजीचा तन्मणी गाठवायला टाकला होता. तो आणायला परवा दुपारी गेले, तेव्हा काम निम्म्यावर होते. पाटवेकर काकांनी पायाच्या अंगठ्यात रेशमाचा पीळ अडकवला होता आणि समोरच्या पांढऱ्या कापडावर मोती लहानमोठे लावून घेतले होते. ‘बसा ताई, होईलच आता,’ असे म्हणून त्यांनी एक मोती उचलला, दातावर हलकेच घासून पाहिला, मान डोलावली आणि तो पुन्हा रांगेत ठेवला. जुना दोरा कापून त्यांनी बाजूच्या टोपलीत टाकला होता. घामाने काळपट झालेला, ठिकठिकाणी विरलेला तो दोरा आजीच्या गळ्यात किती लग्नकार्ये हिंडला असेल कोण जाणे. पण त्याच्याबद्दल हळहळ वाटण्याऐवजी मला भलताच प्रश्न पडला. बडोद्याच्या गायकवाडांचा तो सातपदरी मोत्यांचा कंठा कोण गाठवत असेल?

आजीचे माहेर बडोद्याचे, दांडिया बाजारातले. त्यामुळे राजेरजवाड्यांच्या जवाहिराचा विषय आमच्या घरात निघाला की तो कोहिनूरच्या वाटेला न जाता थेट सातपदरीवर येत असे. सयाजीराव महाराजांची दसऱ्याची स्वारी आजीने लहानपणी कोणाच्या तरी माडीवरून पाहिली होती, आणि महाराजांच्या गळ्यातले मोती केवढे होते हे ती दरवर्षी आम्हाला सांगत असे. सुरुवातीला ते बोराएवढे होते. आम्ही नातवंडे वाढत गेलो तसे तेही वाढले, आणि मी कॉलेजात जाईपर्यंत त्यांचे आवळे झाले होते. माडीवरून, हत्तीवर बसलेल्या माणसाच्या गळ्यातला दागिना इतका नीट कसा दिसला, असे विचारण्याची आमची प्राज्ञा नव्हती. पुढे २००७ मध्ये त्या कंठ्यातले निवडक ६८ मोती दोन पदरांत ओवून न्यूयॉर्कच्या लिलावात आले, तेव्हा त्यातल्या सर्वांत मोठ्या मोत्याचा व्यास १६ मिलिमीटर असल्याचे छापून आले. म्हणजे आजीचे पहिले माप बरोबर होते.

तिचा स्वतःचा तन्मणी अर्थात साधा, मोती बारीक, मधल्या खोडातला एक खडाही बदललेला. पण ते मोती बसराचे होते आणि त्याचा तिला अभिमान होता. एकदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, ऐन गर्दीत, तो तन्मणी तिच्या गळ्यात तुटला. मोती सांडण्याचा आवाज फारसा होत नाही, पण आजीने मारलेली हाक अजून माझ्या कानात आहे: ‘कुणी पाय हलवायचा नाही!’ हातात डाळीची वाटी, पन्ह्याचा पेला आणि ओटीचे हरभरे घेऊन साऱ्या बायका होत्या तिथे उभ्या राहिल्या. कोणी पाऊल उचलले होते तर ते तसेच उचललेले. आम्हा मुलांना साड्यांच्या निऱ्यांमधून रांगत मोती वेचायला सोडले. सतरंजीच्या दुमडीत, पाटाखाली, एका काकूंच्या चपलेत, गौरीपुढच्या कलिंगडाच्या फाकेवर असे ते सापडत गेले, आणि एक सापडलाच नाही. त्या एका मोत्यावरून शेजारच्या घराशी आमचे संबंध पुढे बरीच वर्षे किंचित तिरके राहिले. प्रत्येक मोत्यामागे गाठ मारली तर तुटल्यावर एकच मोती सांडतो, हे आजीला कुणीतरी सुचवले होते. पण गाठींनी पदर ताठ होतो, तो गळ्याबरोबर झुलत नाही, म्हणून तिने ते धुडकावून लावले.

खंडेराव गायकवाडांनी मात्र झुलण्याचा विचार केला असेल असे वाटत नाही. १८५६ ते १८७० या त्यांच्या कारकिर्दीत कुस्ती, शिकार आणि जवाहीर या तिन्ही गोष्टींवर सारखाच खर्च होत असावा. ब्राझीलमध्ये १८५३ साली सापडलेला, पैलू पाडल्यावर सुमारे १२८ कॅरटांचा भरलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा हिरा त्यांनी घेतला, आणि सातपदरी मोतीही त्यांच्याच काळातले. त्यांच्यामागून त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आळ त्यांच्यावर १८७४ मध्ये आला. हिरकणी पोटात गेली की माणूस मरतो ही आपल्याकडची जुनी समजूत; मारण्याचे काम सोमल एकटाही करू शकला असता. पण राजाने विष द्यायचे तर त्यात हिरा हवाच, असा काहीतरी संकेत असावा. चौकशी मंडळातले तीन इंग्रज सभासद एका बाजूला आणि तीन हिंदी सभासद दुसऱ्या बाजूला गेले, आरोप सिद्ध झाला नाही, आणि तरीही गैरकारभाराचे कारण दाखवून मल्हाररावांना पदच्युत केले गेले. मग नाशिककडच्या कवळाणे गावातून बारा वर्षांचा गोपाळ दत्तक आला, त्याचे सयाजीराव झाले. त्यांचे किशोरवयातले एक छायाचित्र मी पाहिले आहे. त्यात छातीभर जवाहीर आहे, आणि त्याच्या वर, आपल्याला नेमके काय झाले आहे याचा अंदाज घेणारा मुलाचा चेहरा आहे. त्या चेहऱ्याकडे मी जितका वेळ पाहते तितका वेळ त्या दागिन्यांकडे पाहणे मला अजून जमलेले नाही.

तर मोती. आपण त्यांना बसराचे म्हणतो, पण ते निघत इराणच्या आखातात, बहुतेक बहरीन आणि कतारच्या बाजूला. बसरा हे व्यापाराचे बंदर. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने गलबते समुद्रावर असत. नाकाला चिमटा लावलेला पाणबुड्या पायाला दगड बांधून खाली जाई, दम टिकेल तितके, म्हणजे मिनिट-दीड मिनिट, शिंपले गळ्यातल्या टोपलीत भरी, आणि वरचा गडी दोरी खेचून त्याला वर घेई. शेकडो शिंपल्यांत एखादा बरा मोती. हंगामाआधी घेतलेली उचल हंगामात फिटत नसे. ती पुढच्या वर्षावर जाई, आणि बाप मेला तर कित्येकदा मुलाच्या नावावर. किनाऱ्यावर पितळेच्या चाळण्यांतून चाळून मोत्यांची प्रत लागे आणि लाल कापडाच्या पुरचुंडीत बांधून ते मुंबईला येत. मुंबईत त्यांना वेज पाडले जाई, जोड लावले जात आणि सौदे होत. हातावर रुमाल टाकून, त्याखाली बोटे दाबून भाव सांगायचे; शेजारी बसलेल्यालाही आकडा कळायचा नाही. आखातातल्या कित्येक बड्या व्यापाऱ्यांची घरे मुंबईत होती, तिकडच्या बाजारात आपला रुपया चालत होता. राजाच्या गळ्यात जाण्यापूर्वी मोत्याने इतके हात पाहिलेले असत, आणि त्यातल्या एकाचेही नाव कोणत्याच जामदारखान्याच्या यादीत लिहिलेले नसे.

हिऱ्यांचे मला फारसे कौतुक नाही, हे इथेच सांगून टाकते. हिरा कुणाचाच होत नाही. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला तो नासक हिरा घ्या. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इतर ऐवजाबरोबर तो इंग्रजांच्या हाती गेला. विलायतेत पोचताच त्याला नव्याने पैलू पाडले गेले. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेतला आणि तलवारीच्या मुठीत बसवला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा कापला. शंकरापुढे असताना सुमारे ९० कॅरटांचा असलेला हिरा आता ४३ कॅरटांवर आला आहे. आकार बदलला, निम्मे अंग गेले, कोंदण कितीदा बदलले याला गणती नाही, आणि तरी तो ‘तोच’. शंकराने ज्या बाजूने त्याला पाहिले असेल ती बाजू तर भुशाबरोबर उडून गेली. तरीही त्याचे छायाचित्र समोर आले की मी ‘आपला नाशिकचा’ असेच म्हणते. आपल्याला त्या खड्यापेक्षा त्याच्यामागे लागलेली मालकांची रांगच हवी असते, आणि ही गोष्ट लिलाव करणाऱ्यांना आपल्याआधी कळलेली आहे. बडोद्याच्या त्या ६८ मोत्यांना सत्तर लाख डॉलरांहून अधिक किंमत आली, ती मोत्यांच्या तजेल्याची होतीच, पण बडोद्याच्या नावाचीही होती.

सयाजीरावांचे नातू प्रतापसिंह यांच्या दुसऱ्या राणी सीतादेवी यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. त्यांनी आपल्या पाचू-हिऱ्यांच्या पायातल्या साखळ्या हॅरी विन्स्टन यांना विकल्या. त्यांचा गळ्यातला हार झाला, तो विंडसरच्या डचेसने घेतला आणि एका समारंभात घातला. सगळे त्या हाराची वाखाणणी करत असताना सीतादेवी म्हणाल्या, की हो, माझ्या पायातही ते छान दिसत असत. डचेसने हार परत केला म्हणे. या गोष्टीत किती तथ्य आहे हे बाजूला ठेवले, तरी खडे तेच असून पायातले गळ्यात येताच कुणाचा तरी अपमान होतो, हे मला फार आवडते. आमच्या आजीने तर सोने पायात घालणाऱ्या कोणालाच क्षमा केली नसती, मग ती राणी का असेना.

मोती हिऱ्यापेक्षा माणसाच्या जवळचा, कारण तो मरतो. त्याला अत्तर चालत नाही, घाम चालत नाही, आंबट तर मुळीच चालत नाही. शिंपल्यातल्या प्राण्याने चुन्याचे थरावर थर चढवून तो केलेला असतो आणि आम्लात तो विरघळतो. तो पिवळा पडतो, त्याचे पाणी जाते. बाजारातही तो असाच एकदा मेला. १९१७ मध्ये कार्तिए या जवाहिऱ्याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरचा एक आख्खा वाडा मोत्यांच्या एका दुपदरी माळेच्या बदल्यात घेतला. माळेची किंमत त्या वेळी दहा लाख डॉलर धरली होती. १९५७ मध्ये तीच माळ विकली गेली तेव्हा तिला दीड लाखाच्या आसपास आले. मधल्या काळात जपानच्या मिकिमोतोंनी सुरू केलेली मोत्यांची शेती जगभर पोचली होती आणि जागतिक मंदीही येऊन गेली होती. आखातातली गलबते १९३० नंतर किनाऱ्याला लागली ती लागलीच. १९३२ मध्ये बहरीनला तेल सापडले नसते तर त्या पाणबुड्यांच्या मुलांनी काय केले असते, हा विचार मी करते आणि सोडून देते. वाडा मात्र अजून कार्तिएकडेच आहे.

खंडेरावांनी मोत्यांचा एक गालिचाही करवून घेतला होता, साधारण १८६५ च्या सुमारास. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्याचा त्यांचा संकल्प होता असे सांगतात. रेशमावर आणि हरणाच्या कातड्यावर बसराचे लाखो बारीक मोती, मध्ये हिरे, माणके, पाचू, नीलम. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. दिल्लीच्या १९०२-०३ च्या प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला. पुढे सीतादेवींबरोबर तो मोनॅकोला गेला. मार्च २००९ मध्ये दोह्यात त्याचा लिलाव झाला आणि सुमारे ५५ लाख डॉलरांना तो विकला गेला. आता तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या समुद्रातून ते मोती काढले त्याच्याच काठावर ते मुंबई, बडोदा आणि मोनॅको करून परत गेले.

माझी मावसबहीण दोह्यात असते. तिने संग्रहालयात जाऊन काचेपलीकडच्या गालिच्याचे छायाचित्र पाठवले. त्यात गालिचा थोडा आणि काचेत उमटलेली ती स्वतः जास्त दिसते. मी ते आईला दाखवले, खंडेरावांची सगळी हकीकत सांगितली, किंमतही सांगितली. आईने चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘पण यावर बसायचं कसं? टोचेल की.’ तो बसण्यासाठी केलाच नव्हता, असे मी तिला सांगितले. तिला ते पटलेले नाही.