गाडा ओढत बेळगाव ते हलशी

मणक्याच्या दुखण्यामुळं पाठीवर १२ किलोची सॅक घेणं डॉक्टरांनी बंद केलं, पण चालणं सोडवेना. शेवटी उद्यमबागेतल्या एका वेल्डिंगवाल्याकडून दोनचाकी हलका गाडा करून घेतला. लहान मुलांच्या सायकलची १६ इंची चाकं, अॅल्युमिनियमचा पाईप आणि कमरेच्या पट्ट्यात अडकणाऱ्या दोन दांड्या. डिसेंबरात तो ओढत खानापूर, नंदगड करून तिसऱ्या दिवशी हलशीला पोचलो.

पिरनवाडी, मच्छे, देसूरपर्यंत वाहनं फार. उजव्या कडेनं, समोरची वाहनं दिसतील असं चाला. गाड्याला मागं-पुढं रिफ्लेक्टर आणि उंच काठीला झेंडा लावाच.

पाणी पटकन काढता यावं म्हणून पाच लिटरचा कॅन मी मागं ठेवला होता. दुपारपर्यंत पट्टा सारखा वर सरकून बरगड्यांना घासू लागला, कातडी लाल झाली. इदलहोंडला एका वयस्कर शेतकरीमामांनी दांडी नुसती दोन बोटांनी उचलून पाहिली.

"ओझं मागं झालंय की ओ. गाडी उलाळ झालीया तुमची."

उलाळ म्हणजे मागं जड होऊन पुढून वर उचलली जाणारी गाडी. बैलगाडीचा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण तो कमरेला त्या दिवशी कळला. मामांनी कॅन काढून आखाच्या जरा पुढं ठेवला, तंबू त्याच्यावर बांधला. दांड्या हातात किंचित जड लागल्या पाहिजेत, किलोभर, जास्त नको. त्यानंतर नंदगडपर्यंत पट्टा हलला नाही आणि रात्री पाठ दुखली नाही. कितीतरी महिन्यांनी असं झालं.

दांड्यांऐवजी दोरी मात्र लावू नका, उतारावर गाडा टाचांवर येतो. बाभळीच्या काट्यानं एकदा पंक्चर झालं, दोन ट्यूब जवळ होत्या म्हणून निभावलं.

नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबलो. १८३१ मध्ये त्याला इथंच फाशी दिलं. पुढं हलशीजवळ शेतातली वाट धरली तिथं मात्र चुकलो. भाताच्या बांधावर गाडा चालत नाही, उचलूनच न्यावा लागतो. भीमगडच्या जंगलवाटांना सॅकच बरी. पावसाळ्यात तर खानापूर भागात गाडा नकोच, तांबडा चिखल मडगार्डमध्ये बसून चाक जाम होतं.

चाकं पान्याशिवाय निघतील अशीच बसवून घ्या. हलशीहून परतताना ती काढली म्हणून गाडा बसमध्ये सीटखाली मावला.