पावसात मंदावणारी केबल

चिपळूणजवळच्या एका गावातून जुलै महिन्यात माझ्याकडे एकच तक्रार तीन वेळा आली. पाऊस लागला की संगणकावरचे इंटरनेट निम्म्यावर येते, असे त्या घरातील ताईंचे म्हणणे होते. त्या घरून पुस्तकांची मांडणी करतात आणि छपाईच्या जड फायली त्यांना रोज संध्याकाळी मुंबईला पाठवाव्या लागतात. पहिल्या दोन्ही वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, असे मी फोनवरच सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी वेग पूर्ववत झाल्याचे त्यांनी कळवले आणि मी तक्रार मिटल्याची नोंद केली. त्या दोन नोंदींची खंत मला अजून वाटते, कारण त्यांच्यामुळे खरा दोष तीन आठवडे झाकलेला राहिला.

तिसऱ्या वेळी मी समक्ष गेलो. घर जुने, जांभ्या दगडाचे. राउटर खाली ओटीवर आणि ताईंचा संगणक माडीवर होता. मधली लॅनची केबल भिंतीबाहेरून वर चढवून खिडकीतून आत घेतलेली होती. तिची लांबी जेमतेम पंचवीस मीटर, म्हणजे अशा केबलच्या 100 मीटरच्या मर्यादेच्या कितीतरी आत. सेवा देणाऱ्या कंपनीची माणसे आधी येऊन गेली होती. त्यांनी राउटरपाशी उभे राहून मोबाइलवर वेग मोजला, तो ठरल्याप्रमाणे सेकंदाला 200 मेगाबिटच्या आसपास भरला आणि दोष संगणकाचा आहे असे सांगून ती निघून गेली.

बाहेर पाऊस होता. मी माडीवर तीन वेळा वेग मोजला आणि तिन्ही वेळा आकडा 94 च्या आसपास आला. लाइनवर गर्दी असती, तर तो कधी 60, कधी 130 असा हलला असता. तो एकाच जागी अडतो तेव्हा वाटेत कुठेतरी जोडणी 100 मेगाबिटवर उतरलेली असण्याची दाट शक्यता असते, कारण तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक 1538 बाइटांत आपला मजकूर फार तर 1460 बाइट असतो आणि उरलेली जागा पत्ते व नियंत्रणाची माहिती घेते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड, म्हणजे संगणक आणि राउटर यांनी आपसात ठरवलेला वेग, पाहिला. तिथे 100/100 असेच लिहिलेले होते. खरे तर हा आकडा मी पहिल्याच फोनवर विचारायला हवा होता.

या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. 100 मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी पुरतात, पण 1000 मेगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोनपैकी एखादी तुटली तरी इंटरनेट बहुधा बंद पडत नाही; दोन्ही टोकांची यंत्रे मुकाट्याने 100 वर उतरतात आणि पडद्यावर कसलीही सूचना येत नाही.

कनेक्टरच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला असावा असे वाटून मी केबल काढली, पण पट्ट्या स्वच्छ होत्या. तेवढ्यात पाऊस ओसरला, ताईंच्या आई, म्हणजे काकू, चहा घेऊन वर आल्या आणि उकडते म्हणून त्यांनी खिडकी उघडली. मी केबल पुन्हा लावली, तर लिंक स्पीड 1000/1000! मी काहीच दुरुस्त केलेले नव्हते, त्यामुळे तिथून उठायला मन घेईना.

पंधरा मिनिटांनी मोठी सर आली. काकूंनी धावत येऊन खिडकी ओढली. पावसाने लाकूड फुगलेले असल्यामुळे ती नीट बसेना, तेव्हा तळहाताने दोन दणके दिले. त्याच क्षणी जोडणी तुटली आणि काही सेकंदांनी 100/100 वर परत आली. मी खिडकी उघडायला लावली, तरी आकडा 100 च राहिला. जोडणी एकदा जुळली की ती तुटेपर्यंत यंत्रे वेग नव्याने ठरवत नाहीत. केबल काढून पुन्हा लावली, तेव्हा 1000 आले. ताई संगणक पुन्हा सुरू करत त्या सकाळी, खिडकी उघडल्यानंतर, म्हणून माझा सल्ला दोन्ही वेळा लागू पडल्यासारखा दिसला होता.

चौकटीत दबलेला भाग कापून पाहिला. बाहेरचे आवरण चपटे झाले होते आणि तपकिरी जोडीतल्या एका तारेचे प्लास्टिक शाबूत असले, तरी आतले तांबे तुटलेले होते. खिडकी उघडी असली की तुटलेली टोके एकमेकांना टेकत, मिटली की दूर होत.

त्याच संध्याकाळी मी शुद्ध तांब्याची, उघड्यावर टिकणारी नवी केबल ओढली. भिंतीला बाहेरच्या बाजूस किंचित उतरते भोक पाडले आणि त्याखाली केबलला एक वळण सोडले, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत आत न येता खालीच ठिबकेल. काकूंनी खिडकी पुन्हा दणका देऊन मिटली. आकडा 1000/1000 वरच राहिला आणि ताईंनी त्या दिवशीची फाइल मुंबईला पाठवायला लावली.