सूर्य पाठीमागे बुडाला

विशाखापट्टणमच्या कैलासगिरी टेकडीवर आम्ही साडेचारलाच पोहोचलो आणि समुद्राकडच्या कठड्यापाशी जागा धरून बसलो. जन्म रत्नागिरीत गेलेला. सूर्य पाण्यात बुडतो, हे आमच्या अंगात मुरलेलं. विशाखापट्टणम पूर्व किनाऱ्यावर आहे हे ठाऊक होतं, तरी डोळे समोरच लागलेले.

डिसेंबर होता. पाच वाजून गेले आणि समोरचं पाणी करडं व्हायला लागलं. ढग तर एकही नव्हता. ही म्हणाली, "अरे, मागे बघ." मागे, सिंहाचलमच्या डोंगरांवर सूर्य टेकला होता. साडेपाचच्या आतच तो गेला.

मी हळहळलो, पण पुन्हा समुद्राकडे वळलो ते बरं झालं. आम्ही बसलो होतो त्या टेकडीचीच सावली पाण्यावर पडली होती आणि सरकत सरकत आत निघाली होती. किनाऱ्यालगत संध्याकाळ झालेली, पण लांबच्या मासेमारी बोटींवर अजून पिवळं ऊन. एकेक बोट सावलीत येत गेली. उजवीकडे रामकृष्ण बीचची वळलेली किनार, तिच्या टोकाला समुद्रात शिरलेला डॉल्फिन्स नोजचा डोंगर. असा सूर्यास्त मी आजवर पाहिला नव्हता, कारण आमच्याकडे नजर सूर्यावरून हलतच नाही.

गर्दीचा मात्र मला मनापासून राग आला. शिव-पार्वतीच्या भव्य मूर्तींसमोर फोटोसाठी रेटारेटी, कुणाच्या तरी स्पीकरवर मोठ्यानं गाणी. इतक्या उंचावर येऊन कानाला दोन मिनिटं वाऱ्याचा आवाज मिळू नये?

मधला दिवस बोर्रा गुहांच्या प्रवासात गेला.

शेवटच्या सकाळी भीमिलीच्या रस्त्यावरच्या तोटलकोंड्याला गेलो. या टेकडीवर दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध विहार होता. आता स्तूपाचे चौथरे आणि भिक्षूंच्या खोल्यांचे पाये उरलेत, आणि खाली नजर जाईल तिथवर बंगालचा उपसागर. वर आम्ही चौघंच. तेलुगूत कोंडा म्हणजे टेकडी, आणि तोटलकोंडा हे नाव पडलं ते खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांवरून. टाकी पाहिली आणि मी थबकलोच. आपल्या सह्याद्रीतल्या लेण्यांशेजारी असतात तशीच! पावसाचं पाणी साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं. अथांग समुद्र डोळ्यांपुढे, पण प्यायला त्यातला थेंबही उपयोगाचा नाही. म्हणून त्या माणसांनी खडक फोडला.

विशाखापट्टणमला जाणार असाल तर कैलासगिरी एक संध्याकाळ पुरे. तोटलकोंड्याला आम्ही जेमतेम तासभर दिला, कारण दुपारची गाडी होती. ते मला अजून लागतं. धाकटी टाक्याच्या काठावरून उठायलाच तयार नव्हती, आणि मी तिला हाताला धरून खाली आणलं.