तुम्ही विचारलंत म्हणून : एका कॉलेजच्या कोचवरून एवढा वाद कशाला?

मी लेक्सिंग्टनला, म्हणजे अमेरिकेतल्या केंटकी राज्यात राहते हे कळलं, की दोन-चार वाक्यांतच हा प्रश्न येतो. ‘तिथे म्हणे कॉलेजच्या बास्केटबॉल टीमला नवा कोच आला तर लोक कामधंदा सोडून भांडतात. कॉलेजच्या पोरांचा खेळ तो, त्यांच्या कोचवरून एवढं काय?’ एप्रिल २०२४ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीने मार्क पोपला नेमलं, तेव्हापासून तर हे मला फारच वेळा ऐकावं लागलंय. फोनवर उत्तर द्यायला गेलं की अर्धंच राहतं, म्हणून लिहायला बसले.

एक सांगू? हा प्रश्न मला कोल्हापूरकर विचारत नाहीत. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना शाहू स्टेडियमवर ज्यांनी पाहिलाय, त्यांना पगारी व्यावसायिक टीम नसलेलं गाव आपल्या टीमवर कसा जीव टाकतं, हे समजावून सांगावं लागत नाही.

केंटकीचं तसंच आहे, फक्त गावाच्या जागी अख्खं राज्य. इथे एनबीएची, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, टीम नाही. अमेरिकन फुटबॉलची किंवा बेसबॉलची मोठ्या लीगमधली टीमही नाही. आहे ती युनिव्हर्सिटीच्या टीमची निळी जर्सी. अडॉल्फ रप या कोचने १९३० ते १९७२ अशी बेचाळीस वर्षं ही टीम चालवली, ८७६ सामने जिंकले आणि चार राष्ट्रीय विजेतेपदं आणली. आज एकूण आठ आहेत. शहराच्या मध्यावरचं वीस हजारांवर माणसं मावणारं रप अरीना त्यांच्याच नावाचं. पूर्वेकडच्या कोळशाच्या खाणींच्या डोंगरात लोक संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायचे. केवूड लेडफर्ड हे समालोचक तिथल्याच हार्लनचे. १९९२पर्यंत जवळजवळ चार दशकं त्यांचा आवाज घराघरांत होता. घरात टीव्ही आल्यावरही पुष्कळ लोक टीव्हीचा आवाज बंद करून त्यांचंच समालोचन लावायचे. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई अजून हे सांगते, आणि सांगताना तिचे वडील कुठल्या खुर्चीत बसायचे तेही सांगते.

आता कोचकडे येते. कॉलेजच्या खेळात खेळाडू टिकत नाहीत. पूर्वी चार वर्षं टिकायचे. २००६ पासून एनबीएने नियम केला, की शाळा संपल्यावर किमान एक वर्ष गेल्याशिवाय आमच्याकडे यायचं नाही. त्यामुळे सगळ्यात गुणी मुलं एक वर्षापुरती कॉलेजात येऊ लागली. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावायची मुभा मिळाली, आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळणंही सोपं झालं. आज स्थिती अशी आहे, की दर वसंतात कोचला जवळजवळ नवी टीम उभी करावी लागते. ज्याचं नाव पाठ होतं, तो मुलगा पुढच्या वर्षी दुसऱ्याच रंगाच्या जर्सीत दिसतो. मग लोकांच्या हातात वर्षानुवर्षं काय राहतं? जर्सी आणि कोच. टीम कशी खेळेल, कुठली मुलं येतील, हरल्यावर कोण समोर येऊन बोलेल, हे सगळं त्या एका माणसावर. म्हणून त्याच्या निवडीवरून भांडण होतं, आणि माझ्या मते ते व्हायलाच हवं.

जॉन कॅलिपारी पंधरा वर्षं कोच होते. एका वर्षापुरत्या मुलांची टीम बांधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसला घेऊन त्यांनी विजेतेपद आणलं. २०१५ची टीम तर लागोपाठ ३८ सामने जिंकली आणि उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनकडून हरली. त्या एका पराभवाबद्दल इथे अजून हळू आवाजात बोलतात. त्यानंतर मात्र उतरण लागली. २०२०-२१च्या हंगामात ९ विजय आणि १६ पराभव. २०२२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत सेंट पीटर्ससारख्या छोट्या कॉलेजकडून पहिल्याच फेरीत गारद. मार्च २०२४ मध्ये पुन्हा पहिल्याच फेरीत ओकलंडकडून ८०-७६ अशी हार. त्या सामन्यात जॅक गोल्की नावाच्या ओकलंडच्या मुलाने दहा थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन-तीन गुणांचे बास्केट, मारले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

लोकांना कॅलिपारी नको झाले होते, पण त्यांना काढायचं तर युनिव्हर्सिटीला तीन कोटी डॉलरच्या वर रक्कम मोजावी लागली असती. ते राहणार, असं क्रीडा विभागाचे प्रमुख मिच बार्नहार्ट यांनी जाहीरही केलं. आणि दोन आठवडे होतात न होतात तोच कॅलिपारी स्वतःहून आर्कन्सॉला गेले, तेही आमच्याच लीगमधल्या टीमकडे. सुटका झाली म्हणून हसणारे आणि आपल्याला सोडून गेला म्हणून चिडलेले अशी दोन माणसं एकाच घरात पाहिली मी. काही वेळा तर ती एकच व्यक्ती होती.

मग आला तो आठवडा. लोकांनी मनातल्या मनात कोच ठरवूनच टाकला होता. कनेक्टिकटचे डॅन हर्ली ८ एप्रिलला सलग दुसऱ्यांदा राष्ट्रीय विजेते झाले होते, ते नाही म्हणाले. बेलरचे स्कॉट ड्रू २०२१चे विजेते, त्यांचं जमतंय अशी हवा होती, तेही गुरुवारी नाही म्हणाले. कुठल्या शहरातून कुठलं खासगी विमान उडालं, ते लेक्सिंग्टनला उतरणार का, हे मोबाइलवर बघत बसलेली शहाणीसुरती माणसं मी पाहिलीत. आणि त्याच गुरुवारी रात्री बातमी आली, की कोच मार्क पोप.

पोप तेव्हा युटामधल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचे कोच होते. राष्ट्रीय स्पर्धेत मुख्य कोच म्हणून त्यांनी एकही सामना जिंकला नव्हता. त्याच मार्चमध्ये ड्यूकेनकडून त्यांची टीम पहिल्या फेरीतच हरली होती. शुक्रवारी सकाळी लोकांचा संताप नुसता उफाळून आला होता. आमच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी दोघांची जुंपली. एकाचं म्हणणं, दोन विजेत्यांनी नकार दिल्यावर आपण थेट पायरी उतरून खाली आलो, आठ विजेतेपदांच्या घराण्याची ही शोभा नाही. दुसरा, वयाने मोठा, एवढंच म्हणत होता, की ‘तो आपला आहे.’ पहिल्याने विचारलं, आपला असणं ही काय पात्रता झाली? मोठ्याने उत्तर दिलं नाही. कप धुतला आणि जागेवर गेला.

या संतापाच्या मुळाशी काय होतं, ते बाहेरच्यांना कळत नाही. ती भीती होती, आणि तिचं नाव बिली गिलिस्पी. २००७ मध्ये तेव्हाचे कोच टबी स्मिथ केंटकी सोडून गेले, तेव्हाही पहिल्या पसंतीचे बिली डोनोव्हन आले नाहीत, आणि टेक्सास ए अँड एमहून गिलिस्पींना आणलं. दोन वर्षांत गाडं इतकं रुतलं, की २००९ मध्ये टीमला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशही मिळाला नाही, आणि गिलिस्पींना काढावं लागलं. शुक्रवारी ओरडणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या डोळ्यांपुढे तीच दोन वर्षं होती.

टबी स्मिथ यांचंही सांगायला हवं, कारण आमचे लोक नेहमीच न्यायाने वागतात असं मी म्हणणार नाही. केंटकीचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच. रपच्या काळात दशकानुदशकं फक्त गोऱ्या मुलांची असलेली ही टीम. १९६६च्या अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंकडून हरलेली. अशा ठिकाणी स्मिथ १९९७ मध्ये आले आणि पहिल्याच वर्षी विजेतेपद आणलं. पुढच्या नऊ वर्षांत पुन्हा शेवटच्या चारांत पोहोचता आलं नाही, म्हणून त्यांना नावं ठेवली गेली, टोपणनावं पाडली गेली. सभ्य, कष्टाळू माणूस होता. २००३ मध्ये त्यांच्या टीमने लीगमधले सगळे सामने जिंकले होते. त्यांना जे ऐकावं लागलं, ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं. कोचवरून भांडायचा हक्क मला मान्य आहे, पण तो माणसाला घालवून लावायचा परवाना नव्हे.

तर, पोप. ‘आपला’ म्हणजे काय? १९९६ साली रिक पिटिनो यांच्या हाताखाली राष्ट्रीय विजेती झालेली केंटकीची टीम अजूनही कॉलेज बास्केटबॉलमधल्या सर्वोत्तमांत गणतात. पोप त्या टीमच्या कर्णधारांपैकी एक. मूळचे इथले नव्हेत, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतून बदलून आलेले, जेमतेम दोन हंगाम खेळलेले. नंतर एनबीए, त्यानंतर न्यूयॉर्कला कोलंबियात डॉक्टरकीचं शिक्षण, आणि ते अर्ध्यावर सोडून कोचिंगमध्ये तळापासून सुरुवात. घरच्यांनी काय म्हटलं असेल याची मराठी माणसाला कल्पना करता येईल.

रविवारी, १४ एप्रिलला, रप अरीनात त्यांची ओळख करून द्यायची होती. प्रवेश फुकट. मी गेले होते. अरीनाभोवती रांगेने वळसा घातलेला, त्यात काठी टेकत आलेले आजोबा, खांद्यावरची पोरं, १९९६च्या विटक्या डेनिम रंगाच्या जर्सी. अरीना भरलं आणि लोक बाहेर राहिले. कुठलाही सामना नसताना. मग एक बस थेट कोर्टापर्यंत आत आली, दार उघडलं, आणि पोप १९९६ची ट्रॉफी हातात धरून उतरले. मागोमाग जुने खेळाडू उतरत राहिले, वेगवेगळ्या काळातले, कुणी लंगडत, कुणी जाड झालेले. शेजारचा अनोळखी माणूस एकेकाचं नाव मोठ्याने घेत होता आणि रडत होता. पोप म्हणाले ते साधं होतं. इथलं काम काय आहे ते मला कळतं, छताला विजेतेपदाचा नवा बॅनर टांगणं हे ते काम. आणि जर्सी खेळाडूपेक्षा मोठी.

दोन दिवसांत असं काय बदललं, हेही मला विचारतात. भावनेच्या भरात लोक वाहवले, असं वर्तमानपत्रांत आलं. मला ते पटत नाही. पोपच्या कागदावरची कामगिरी शुक्रवारी जितकी होती, तितकीच रविवारी होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. कॅलिपारींच्या शेवटच्या वर्षांत लोकांना नुसत्या पराभवांचं दुःख नव्हतं. ही टीम म्हणजे एनबीएकडे जाण्याचा एक थांबा आहे, तुम्ही फक्त तिकिटं काढा, असं काहीसं त्यांना जाणवत होतं. पोप आले ते ‘हे तुमचं आहे’ म्हणत. लोक त्यासाठी आले.

आणि कागदाचंच म्हणाल, तर स्पर्धेतल्या विजयांचं माप मला तेव्हाही तोकडं वाटत होतं. ६८ टीम, एक हरला की घरी. एका संध्याकाळी एखादा गोल्की भेटला की संपलं. त्याऐवजी माणूस टीम कशी खेळवतो ते बघावं. पोपच्या टीम चेंडू सतत फिरवत ठेवतात, बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, म्हणजे सेंटरच्या, हातून पास काढतात आणि जागा मिळाली की लांबून मारतात. बघायला सुंदर असतं ते, आणि कमी प्रसिद्ध मुलांकडूनही होतं. त्यांना ती करामत करावीच लागली, कारण ते आले तेव्हा आदल्या हंगामातला एकही शिष्यवृत्तीधारक खेळाडू त्यांना मिळाला नाही. बहुतेक टीम इतर कॉलेजांतून आलेल्या मोठ्या मुलांची, आणि जोडीला केंटकीतलीच दोन पोरं. लायन काउंटीचा ट्रॅव्हिस पेरी आणि हार्लन काउंटीचा ट्रेंट नोआ. त्याच मार्चमध्ये शाळांच्या राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, रप अरीनातच, हे दोघे एकमेकांविरुद्ध खेळले होते. हार्लनचा मुलगा निळ्या जर्सीत कोर्टावर उतरला, तेव्हा ती खुर्चीची गोष्ट सांगणारी माझी सहकारी जागेवरून उठून उभी राहिली.

पहिल्या वर्षाचा हिशेब : २४ विजय, १२ पराभव. ड्यूकला हरवलं. पुढे राष्ट्रीय विजेती झालेल्या फ्लोरिडाला १०६-१०० असं हरवलं. टेनेसीला हंगामात दोनदा हरवलं, आणि राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत त्याच टेनेसीकडून हरलो. १ फेब्रुवारी २०२५ला कॅलिपारी आर्कन्सॉ घेऊन रप अरीनात आले, लोकांनी त्यांची हुर्यो उडवली, आणि ते ८९-७९ असं जिंकून गेले. त्याची सल आहे. वर्षाअखेर पेरीही ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी युनिव्हर्सिटीला, गेला. घरचा मुलगासुद्धा राहत नाही, हे पोपच्या काळातही खरंच राहिलं.

मला विचाराल तर निवड योग्य होती, आणि मी हे पहिल्या हंगामाच्या आकड्यांवरून म्हणत नाही. शुक्रवारचा राग आणि रविवारची गर्दी, दोन्ही ज्याला समजतात असा माणूस या खुर्चीत हवा होता. पण बॅनर अजून आठच आहेत. कॉफीच्या मशीनपाशी त्या दोघांचं आजही पटत नाही. पहिला म्हणतो, ड्रू आला असता तर नववा टांगून झाला असता. मोठा आता गप्प बसत नाही. फ्लोरिडाचा स्कोअर ऐकवतो, आणि मग दोघेही पुढच्या वर्षी सेंटर कोण आणायचा यावर येतात.