रिकाम्या हाताने बसायचं नाही

सोमवार, रात्री

ब्लॉग नियमित कसा चालवावा यावर सल्ल्यांना तोटा नाही. पहाटे उठा, रोज हजार शब्द लिहा, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी पोस्ट टाका. आज पुन्हा तसलंच काहीतरी वाचलं. सगळा भर घड्याळावर. पण वेळ ही माझी अडचण कधी नव्हतीच. रात्रीची आवराआवर झाली की तासभर मोकळा मिळतो, आणि दोन आठवड्यांतून एक पोस्ट लिहायला तेवढं पुष्कळ आहे. खरी गंमत होते ती त्या तासाच्या सुरुवातीला. ‘आज कशावर लिहू?’ इथून आरंभ झाला की अर्धा तास त्यातच खलास. मग चहा, मग फोन, मग ‘उद्या बघू’.

म्हणून माझा एकच कडक नियम आहे: रिकाम्या हाताने बसायचं नाही. काय लिहायचं हे बसायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे, आणि ते ठरवण्याचं काम दिवसभर, चालता-फिरता, बारीक-सारीक तुकड्यांत होतं. माझ्या मते खरा दिनक्रम तो. रात्रीचा तास म्हणजे नुसती मजुरी.

माझा ब्लॉग घरातल्या किरकोळ दुरुस्त्यांचा. मोबाईलवर नोंदींची एकच फाइल ठेवलीय. फोल्डर नाहीत, रंगीत लेबलं नाहीत. नोंद शोधण्यात वेळ जायला लागला की नोंद करणंच सुटतं. तिथे आजची नोंद अशी आहे: ‘वॉशर नवा घातला तरी नळ टपकतोच. का?’ खाली दोन ओळी: ‘वॉशर जिच्यावर दाबून बसतो ती आतली पितळी कडा झिजलीय. बोट फिरवलं तर खाच लागते.’

बस्स, पोस्टचा सांगाडा झाला. प्रश्न आहे, उत्तर आहे आणि वाचणाऱ्याला स्वतः करून बघता येईल अशी एक खूणही आहे. हीच नोंद मी नुसती ‘नळ दुरुस्ती’ अशी केली असती, तर पंधरा दिवसांनी तिच्याकडे बघून डोक्यात काहीही आलं नसतं. नोंद म्हणजे विषय नव्हे, नोंद म्हणजे पूर्ण वाक्य. जमलं तर प्रश्नच. तो बहुतेक वेळा शीर्षक म्हणूनही चालून जातो, कारण ज्याच्याकडे नळ टपकतोय तो माणूस शोधताना असंच काहीतरी टाइप करतो.

बुधवार

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य आज परत कानावर आलं. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये यावर अभ्यास केला होता. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९६ जण होते. प्रत्येकाने खाण्यापिण्यातली किंवा व्यायामाची एक साधी कृती निवडायची आणि रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला ती जोडायची, म्हणजे न्याहारीनंतर, जेवणाआधी असं काहीतरी. ती कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांतला फरक प्रचंड निघाला: १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांपर्यंत. आणि मधे एखादा दिवस चुकला तर म्हणण्यासारखा काही फरक पडला नाही.

मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ‘साखळी तुटली’ म्हणून ब्लॉगच बंद केलेली माणसं मी पाहिलीत. आणि प्रसंगाला जोडण्याची कल्पनाही घड्याळापेक्षा बरी. साडेनऊ कधी वाजून जातात कळत नाही, पण ओटा पुसून झाला हे कळतंच. ओटा पुसला की लॅपटॉप.

अर्थात न्याहारीनंतर पाणी पिणं वेगळं आणि लेख लिहिणं वेगळं. लेखाला सवय बसायला लावते, लिहायला लावत नाही. तिथे पुन्हा ती फाइलच लागते.

गुरुवार

नळाचा कच्चा खर्डा झाला. वाईट आहे, पण आहे.

खर्ड्याच्या रात्री मी मागे वळून वाचत नाही आणि रात्री लिहिलेलं रात्री टाकत नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचायचं. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडायचं. पहिला परिच्छेद बहुतेक वेळा उडतोच, कारण तो मी स्वतःला तापवण्यासाठी लिहिलेला असतो. ‘पाणी ही आजच्या काळातील अमूल्य गोष्ट आहे’ छापाचा. ज्याच्याकडे नळ गळतोय त्याला हे सांगायला नको.

शुक्रवार

आकडे बघायचा दिवस. आठवड्यातून एकदाच. पोस्ट टाकल्यावर दर तासाला किती जणांनी वाचलं ते बघणं म्हणजे कुंडीतलं बी रोज उकरून बघणं.

एकूण वाचनसंख्येत मला रस नाही. ती वाढली तरी पुढे काय करायचं ते सांगत नाही. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये मात्र काय टाइप केल्यावर आपलं पान दिसलं आणि किती जणांनी त्यावर क्लिक केलं हे कळतं. तिथे सोळा महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. पान पुष्कळदा दिसतंय पण क्लिक नाहीत, अशा ओळी मी शोधते. शोधाच्या यादीत जागा बरी असूनही असं होत असेल तर शीर्षक काहीच सांगत नाहीये असं मी धरते. आज अशीच एक जुनी पोस्ट सापडली. शीर्षक होतं ‘दाराच्या तक्रारी’. बदलून ‘पावसाळ्यात लाकडी दार घट्ट का होतं?’ केलं. उत्तर आत आधीपासून होतंच: लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगतं, आणि फुगतं ते मुख्यतः धाग्याला आडवं. म्हणून दाराची उंची तेवढीच राहते आणि रुंदी चौकटीत अडते.

आणखी एक तांत्रिक भानगड. देवनागरी शीर्षक पोस्टच्या वेब-पत्त्यात तसंच ठेवलं तर लिंक कॉपी करताना त्याची चिन्हांची माळ होते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं (बाइट म्हणजे साठवणुकीचं छोटं माप), आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे काना-मात्रांसकट एकेका चिन्हाची नऊ अक्षरं. ‘गळणारा-नळ’ एवढंसं शीर्षक, त्याची ७३ होतात! असली लिंक कुणाला पाठवली की समोरच्याला व्हायरस वाटतो. गूगलच्या ब्लॉगर या ब्लॉग-सेवेवर उलटी तऱ्हा: तिथे देवनागरी गाळून पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ उरतं. म्हणून मी रोमन लिपीतला छोटा पत्ता हाताने लिहिते, आणि तोही प्रसिद्ध करण्याआधी. नंतर बदलला तर आधी वाटलेल्या लिंक तुटतात.

शनिवार

दोन पोस्ट कायम तयार ठेवायच्या, हे धोरण. आजारपण, पाहुणे, कामाचा रेटा, काहीतरी येतंच. शिलकीतली एक गेली की आधी ती भरायची, मग नवी हौस. वारंवारितेची घोषणा मात्र कधी करत नाही. ‘दर मंगळवारी भेटू’ असं लिहिलं की मंगळवारी काहीतरी टाकावंच लागतं, आणि त्या ‘काहीतरी’तच ब्लॉग पातळ होतो.

काय लिहायचं नाही याचीही यादी आहे. गॅसची जोडणी आणि विजेच्या मुख्य पेटीतली कामं मी लिहीत नाही, कितीही जणांनी विचारलं तरी. आणि स्वतः करून न पाहिलेली दुरुस्ती लिहीत नाही. यादी छोटी आहे, पण ‘हे लिहू की नको’ यात जाणारा वेळ तिने पुष्कळ वाचवलाय.

रविवार

महिन्यातला एक रविवार नवं काही लिहायचं नाही, जुन्याची डागडुजी. आज चार पोस्ट उघडल्या. दोन बाहेरच्या लिंक मेलेल्या, त्या काढल्या. नळाच्या नव्या पोस्टकडे जुन्या वॉशरच्या पोस्टमधून वाट करून दिली. हे काम कंटाळवाणं आहे, पण एक वाचून झालेला माणूस दुसरीकडे जातो तो अशाच वाटांनी.

मग सगळ्याची प्रत उतरवून घेतली. लोकांना फुकट वेबपानं मांडू देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं तेव्हा तिथली लाखो पानं उठली. अनेक ब्लॉगांच्या नव्या पोस्ट एका जागी वाचायला देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं आणि त्यावर विसंबलेल्या ब्लॉगांना आपला वाचक पुन्हा शोधावा लागला. दुसऱ्याच्या जागेत मांडलेला संसार कधी हलवावा लागेल सांगता येत नाही, म्हणून स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब-पत्ता, आणि स्वतःकडे प्रत.

उतरवलेली फाइल नुसती ठेवून दिली नाही, उघडून पाहिली. मजकूर सगळा आहे. फोटो मात्र त्यात येत नाहीत, त्यांचे फक्त पत्ते येतात. ते वेगळे उतरवायला घेतलेत. दुरुस्तीच्या ब्लॉगला फोटोंशिवाय कोण विचारतो? निम्मे झाले, उरलेले उद्या ओटा पुसल्यावर.